कॉटन ग्रीनच्या गोदामात गाडी खाली आली तेव्हा

जॅक सटकला तेव्हा गाडीखाली आम्ही दोघं होतो. मी आणि माझे मिस्टर. उताणे, शेजारी शेजारी, पाठीखाली गोणपाट. माझ्या हातात टॉर्च. खट्कन आवाज झाला आणि वरचं काळं लोखंड सरळ तोंडावर आलं... डोळे मिटायलाही वेळ मिळाला नाही.

भुतंखेतं, अंगात येणं, बाहेरची बाधा, यातलं मला काही पटत नाही. लालबागच्या आमच्या चाळीत बायकांच्या अंगात यायचं तेव्हा मी दार लावून भाकऱ्या थापायचे. शिक्षण चौथीपर्यंत. हे नात टाइप करतेय, शब्द माझे.

मिस्टर गिरगावात एका शेठकडे ड्रायव्हर होते. शेठची गाडी अमेरिकन, आमच्या लग्नाच्याही आधीची. नाक खाटेएवढं लांब, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट सलग, सोफ्यासारखी. शेठ गेल्यावर मुलांनी ती भंगारात काढली, तर यांनी मागून घेतली. तेव्हापासून ती कॉटन ग्रीनला एका गोदामाच्या कोपऱ्यात उभी असते आणि आमच्या सुट्ट्या तिच्याजवळ जातात. शेजारणी काशीला जाऊन आल्या, मी गोदामात जाऊन आले. खोटं कशाला बोलू... सकाळी मोकळ्या रस्त्याने हिंदमातावरून दादरला जाताना ती सीट कमरेला बरी वाटते. हे खिडकीवर कोपर टेकवून बसतात, सिग्नलला पोरं फोटो काढतात, आणि यांचं वय वीस वर्षांनी उतरतं. माझं उतरत नाही.

मोतीबिंदू काढल्यापासून यांना लांबचं दिसतं, पण गाडीखालच्या अंधारात जवळचा नट दिसत नाही. म्हणून मीही आत सरकते, टॉर्च धरते, पाने देते. या गाडीला इंची पाने लागतात — सात सोळांश, नऊ सोळांश. अपूर्णांक मी शाळेत नाही, तिथे शिकले.

तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी जुन्या गाड्यांची रॅली. स्टिअरिंगचा एक जोड ढिला झाला होता, तो आवळायचा होता. पुढची दोन्ही चाकं काढलेली, पुढचा भाग एका जॅकवर. जॅकवर भरवसा ठेवायचा नाही, काढलेलं चाक नाहीतर स्टेपनी चासीखाली आडवी सरकवायची, हा नियम यांचाच. मोडलाही यांनीच. टायरच्या कडेला पांढरे पट्टे आहेत, ते रॅलीसाठी नव्याने रंगवले होते. दोन चाकं आणि स्टेपनी, तिन्ही दाराशी उन्हात वाळत होती. एक तरी खाली घाला म्हटलं, तर म्हणाले, पट्ट्याला माती लागेल. मी टॉर्च घेऊन आत सरकले. तेच तेच किती वेळा बोलायचं.

तर गाडी आली. माझ्या ब्लाउजला लोखंड टेकलं आणि... थांबलं. वजन नव्हतं. अंगावर चादर पडावी, तेवढंच. मान वळवली तर यांचं तोंड दिसलं.

"शेवंते, लागलं काय गो?"

"नाही. तुम्हाला?"

"नाय. जोडाची पिन वाकली असंल मेली."

"गप पडून राहा. पिनेला आग लागो."

वॉचमन गोविंदने आवाज ऐकला होता. तो धावत आला तेव्हा त्याला काय दिसलं, ते त्याने नंतर सांगितलं. पुढचा बंपर जमिनीला टेकलेला. बाजूने आमचे चार पाय बाहेर. म्हातारा-म्हातारी संपली असं समजून तो आत आलाच नाही, बाजूच्या गोदामातून चार माथाडी घेऊन आला. त्यांनी ट्रकचा जॅक लावून गाडी उचलली आणि आम्हाला पायांना धरून ओढलं. यांच्या कानाला खरचटलं होतं. मला काही नाही.

मग मी एक काम केलं. माथाड्यांना म्हटलं, जॅक उतरवा. गाडी खाली आली, बंपर टेकला, अगदी गोविंदने पाहिला तसा. मी वाकून, आम्ही होतो त्याच जागी हात घातला. माझी आडवी मूठ जेमतेम गेली. उताणे झोपले तरी यांचं पोट वीतभर वर येतं, माझंही काही कमी नाही. जमिनीला खड्डा नाही, खाली दगड नाही, लाकूड नाही. जॅक चार हात लांब उडून पडला होता.

माथाड्यांचा मुकादम म्हणाला, कशावर तरी अडकली असेल. कशावर, ते दाखव म्हटलं. त्याने टॉर्च मारून दोनदा बघितलं आणि हात झटकले. गोविंद म्हणतो शेठ आले. शेठ जिवंतपणी कधी बॉनेट उघडायला आले नाहीत. मिस्टर म्हणतात, तिनेच आपल्याला सांभाळलं. मी म्हणते, लोखंड कुणाला सांभाळत नाही. मग काय झालं, असं हे आज दोन वर्षं विचारतायत. कुणा जाणकाराला कळलं तर जरूर लिहा, पण आधी स्वतःची मूठ घालून बघा.

रॅलीला आम्ही गेलो नाही. पुढच्या रविवारी यांनी पिन बदलली. टॉर्च मीच धरला, स्टेपनी मात्र आधी खाली घातली.

त्या शनिवारी गाडीखाली दोन माणसं होती, चौऱ्याहत्तर वर्षांचे हे आणि सत्तरची मी. दोघंही जगलो.