चपला काढून तपासलेले मैदान

आमच्या नांदेडच्या फुटबॉल मैदानाचे नूतनीकरण करायचे ठरले, तेव्हा समितीत मला घेतले गेले ते माझ्या खेळामुळे नव्हे. मी तंत्रनिकेतनात बांधकाम शिकवतो. खेळाडू म्हणून माझी योग्यता एवढीच, की पन्नाशी ओलांडलेल्यांच्या संघातून मी रविवारी सकाळी बचावफळीत उभा राहतो आणि चेंडू माझ्या बाजूला येऊ नये अशी मनोमन प्रार्थना करतो. आम्ही सारे अनवाणी खेळतो. बूट घेणे कोणाला जड नाही, पण काळ्या मातीवरच्या हराळीचा तो गार, किंचित टोचरा स्पर्श तळपायाला झाला की आठवडाभराचा शीण उतरतो, असे आम्हा सर्वांचे मत आहे. या मताला शास्त्राचा आधार नाही.

मैदानावर नैसर्गिक गवत लावायचे की कृत्रिम हिरवळ अंथरायची, हा समितीपुढचा प्रश्न होता. माझे उत्तर पहिल्या बैठकीपूर्वीच ठरलेले होते.

घरी मात्र मला विरोधक मिळाला. माझा मेहुणा लातूरला पाइप आणि मोटारींचे दुकान चालवतो. नांदेडला माल घ्यायला आला की तो आमच्याकडे उतरतो आणि जेवताना माझी थट्टा करतो. बहिणीच्या नवऱ्यावर तेवढा त्याचा हक्कच आहे. मी गवत लावण्याचा आराखडा सांगितला तेव्हा त्याने घास हातातच धरला.

"दाजी, आमच्या बापाची उभी जिंदगी हराळी खंदण्यात गेली, अन् तुम्ही ती मुद्दाम लावायलात?"

"मैदानात लावतोय, शेतात नाही."

"अन् पाणी? रेल्वेनं आलेलं पाणी प्यालोय आम्ही. तुम्हाला गोदावरी हाय म्हणून हे सुचायलंय. लातुरात कुणी गवताला पाणी घालतो म्हनला असता, तर बायकांनी घागरीनं हानला असता."

"प्लास्टिकच्या हिरवळीलाही पाणी मारावे लागते. उन्हात तापते ती."

"म्हणजे आता प्लास्टिकबी पाणी पिणार? घ्या!" असे म्हणून तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि पत्नीने पाण्याचा तांब्या माझ्यापुढून उचलून त्याच्यापुढे ठेवला.

समितीत कृत्रिम हिरवळीच्या बाजूने एकटीच व्यक्ती ठामपणे बोलत असे, ती म्हणजे मुलींच्या संघाची प्रशिक्षक. तिशीतली ही बाई स्वतः चांगली खेळलेली. तिच्या संघातल्या मुली अर्धापूर, मुदखेडकडून पहाटेच्या गाडीने येतात, आठपर्यंत सराव करतात आणि तशाच शाळा-कॉलेजला जातात. तिचे म्हणणे साधे होते. पावसाळ्यात आमची काळी माती बुटाला धरून ठेवते. चार महिने मैदान बंद राहते. मागच्या पावसाळ्यात सराव थांबला आणि दसऱ्यानंतर निम्म्या मुली परतल्याच नाहीत. कोणाचे लग्न ठरले, कोणाच्या घरच्यांना मुलगी सकाळी घरात असण्याची सवय झाली.

"सर, एकदा खंड पडला की घरचे पुन्हा पाठवत नाहीत," ती मला म्हणाली होती. "गवत लावलं तर मुळं धरेपर्यंत मैदान दिवाळीपर्यंत बंद. तेवढ्यात माझा संघ संपेल."

मी मान हलवली होती. मी मवाळ बोलणारा माणूस आहे, आणि मान हलवणे म्हणजे ऐकून घेणे असा माझा समज बराच काळ टिकून आहे.

एप्रिलमध्ये नमुना म्हणून कृत्रिम हिरवळीचा एक तुकडा मागवण्यात आला. आठ-दहा सतरंज्यांएवढा तो तुकडा प्रेक्षकांच्या पायऱ्यांसमोर अंथरला होता. समितीचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सारे गुरुजी म्हणतात. तरुणपणी ते गोलरक्षक होते आणि अजूनही दारातून आत येताना दोन्ही हात किंचित पसरून येतात. त्यांच्या सोयीने पाहणी भर दुपारी ठेवली गेली. त्या तुकड्याजवळ आम्ही पोहोचलो आणि जे घडले ते आमच्याच भागात घडू शकते. स्वच्छ, हिरवेगार, गालिच्यासारखे अंथरलेले काही समोर दिसल्यावर गुरुजी थबकले, वाकले आणि त्यांनी चपला काढल्या. अध्यक्षांनी काढल्या म्हटल्यावर आम्हीही काढल्या. बैठकीवर चढताना काढतो तशा, कडेला नीट ओळीने लावूनही ठेवल्या. मग आम्ही सारे सन्मानपूर्वक त्यावर चढलो.

"आई गं!" गुरुजींनी उडी मारली. "हे मैदान हाय का तवा?"

"भाकरी टाका, गुरुजी, शेकून निघंल!" मागून कोणीतरी ओरडले. समितीचे प्रतिष्ठित सदस्य एका पायावर नाचत बाहेर पडले. चपलाही तोवर तापलेल्या होत्या, त्यामुळे तो नाच थोडा लांबला. शिपाई तोंड फिरवून हसत होता. प्रशिक्षक बाई तेवढी बूट घालून त्या तुकड्याच्या मध्यभागी शांत उभी होती.

"ठरलं," तळपाय चोळत गुरुजी म्हणाले. "लेकरांचे पाय भाजायचे नाहीत. गवतच लावायचं."

चहा आला. सगळे हसत होते, मीही हसलो. मी जिंकलो होतो, आणि त्यासाठी मला एक शब्दही बोलावा लागला नव्हता. बाई चहा न घेता जवळ आली.

"सर, तुम्ही शिकवता हे सगळं. माझ्या मुली दुपारी अनवाणी खेळतात का?"

"नाही."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

ती चिडलेली नव्हती; तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते, आणि तेच मला अधिक लागले. घरी येऊन पायाला तूप लावत बसलो तेव्हा मी स्वतःला तोच प्रश्न विचारला. विद्यार्थ्याने अशी चाचणी केली असती तर मी ती फेटाळली असती. ज्या वेळी कोणी खेळत नाही त्या वेळी, ज्या पायांनी त्या मुली खेळत नाहीत त्या पायांनी आम्ही मैदान तपासले होते. गवताबद्दलचे माझे प्रेम खरे होते. पण ते रविवारच्या दोन तासांचे प्रेम होते आणि त्यासाठी मी त्या मुलींचे रोजचे खेळणे पणाला लावत होतो. भांडण टाळण्याला मी चांगुलपणा समजत आलो आहे. त्या दुपारी त्याची मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींच्या घरी गेलो. ते पाय बादलीत बुडवून वर्तमानपत्र वाचत होते.

"पाहणी पुन्हा करावी लागेल, गुरुजी. सकाळी, आणि मुलींना खेळवून."

"अहो, गवताचे वकील तुम्हीच ना?"

"हो. म्हणूनच हे मी सांगायला हवे. कालची पाहणी चुकीची होती आणि मला ते तिथेच कळले होते."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. "मला फार उशिरा कळलं असतं," ते म्हणाले. "पाय भाजल्यावर डोकं चालत नाही हो माणसाचं."

पुन्हा पाहणी झाली ती भल्या सकाळी. पावसाची कल्पना यावी म्हणून मी त्या तुकड्यावर आणि शेजारच्या मातीवर टँकरने पाणी सोडायला लावले. मेहुणा त्या दिवशी आमच्याकडेच होता; तोही आला, आणि टँकर पाहून त्याने कपाळावर हात मारला. मातीवर दोन मुली घसरून पडल्या, तिसरीचा बूट चिखलातच राहिला. हिरव्या तुकड्यावर चेंडू सरळ जात होता. गुरुजी पुन्हा चपलांकडे वाकले, तेव्हा बाईने त्यांचा दंड धरला.

"राहू द्या, गुरुजी. हे देवघर नाही."

"बरं बाई," म्हणत ते चपलांसह वर चढले, मात्र चोरट्यासारखे. हात पसरून उभे राहिले आणि म्हणाले, "मार एक." एका मुलीने मारलेला चेंडू त्यांच्या बाजूने निघून गेला. "हेच बरोबर हाय," ते म्हणाले. त्यांनी चेंडूबद्दल म्हटले की हिरवळीबद्दल, हे कोणी विचारले नाही. कृत्रिम हिरवळीच्या ठरावावर मीही हात वर केला. तो वर करताना जड झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

अनवाणीच खेळायचे म्हणून आमचा रविवारचा संघ आता नदीपलीकडच्या एका मोकळ्या जागेवर खेळतो. तिथे हराळीपेक्षा खडेच जास्त आहेत, आणि त्याबद्दल सोबती मला मनसोक्त बोल लावतात.

आषाढात मैदान तयार झाले. एका सकाळी संततधार लागली असताना मी छत्री घेऊन पाहायला गेलो. रेषेच्या आत पाऊल टाकणार तोच बाईचा आवाज आला, "सर, चिखल आत आणू नका!" मी मुकाट्याने बाहेरच्या फरशीवर थांबलो. मुली भिजत धावत होत्या. पायऱ्यांवर, छपराखाली एक गृहस्थ दप्तर मांडीवर घेऊन बसले होते. अर्धापूरहून मुलीला सोडायला आले होते.

"मी म्हनलं, ह्या पावसात कोन खेळायलंय, आज राहू दे," ते मला म्हणाले. "तर पोरगी म्हनली, बाबा, आता सुट्टी नसती. ऐकंचना."

"मागच्या पावसाळ्यात येत होती का?"

"न्हाई. बंदच होतं न्हवं." त्यांनी मैदानाकडे पाहिले. "किती वेळ चालंल हे?"

"आठपर्यंत."

"मग बसतो," ते म्हणाले, आणि पावसाचे तुषार लागू नयेत म्हणून त्यांनी दप्तर पायरीच्या आतल्या बाजूला सरकवले.