सामान ताईकडे

बुवाकडे वस्तू कमी आहेत हे त्याला भेटल्याबरोबर कळतं, कारण तो सांगतो. तुम्ही विचारा, नाहीतर नका विचारू. नुसतं पाणी मागितलंत तरी आधी सांगेल की घरात पेला एकच आहे. मग तो पेला विसळून तुम्हाला देईल आणि तुमचं पिऊन होईपर्यंत समोर ताटकळत उभा राहील, कारण तहान त्यालाही लागलेली असते.

बुवा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते भाऊजींनी ठेवलं, म्हणजे त्याच्या ताईच्या नवऱ्याने. भाऊजी बस चालवतात, दिवसभर लोकांचं ऐकून घेतात आणि घरी आल्यावर त्याची भरपाई करतात. बुवाची तिशी अजून यायची आहे आणि नोकरी चांगली आहे. फोनच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं, हे तो एका कंपनीत बसून ठरवतो. एक दिवस त्याला साक्षात्कार झाला की पडद्यावर जितकं कमी तितकं बरं, तर आयुष्यातही तसंच का नको? झालं! त्या दिवसापासून घरातली एकेक वस्तू बाहेर पडू लागली आणि बुवाच्या अंगात उपदेश शिरू लागला.

त्याची खोली तळमजल्यावर, रस्त्याला लागून. आधी तिथे रंगाचं दुकान होतं. दार चांगलं रुंद, काचा मोठ्या, फरशी गुळगुळीत, आणि उजेड असा की सुई पडली तरी दिसावी. त्या एवढ्या मोठ्या खोलीत बुवाची एक गादी, एक दिवा, एक कुंडी आणि तो पेला. ऑफिसातली मंडळी बघायला आली की दारातच थबकायची. "काय शांत वाटतं रे इथे!" मग बुवा डोळे अर्धवट मिटून म्हणायचा, "वस्तू आपल्या नसतातच. ही खोलीसुद्धा माझी नाही. मी फक्त इथे असतो." मंडळी हे ऐकून माना डोलवायची आणि बसायला काहीच नसल्यामुळे लवकर निघायची.

आता खरी गोष्ट ऐका. त्याच इमारतीत दोन मजले वर ताई राहते. बुवाचा शर्ट चुरगळलेला दिसला की तो जिना चढतो. "ताई, इस्त्री आहे का गं?" दिवा बदलायचा असला की, "ताई, स्टूल दे ना." पाना, छत्री, कात्री, मोठं पातेलं, थंडीत जाड पांघरूण, सगळं ताईकडून. परत करताना मात्र जिना फार उंच वाटतो, म्हणून भाऊजी खाली येऊन घेऊन जातात.

तेवढंच असतं तरी चाललं असतं. पण बुवाने ज्या वस्तूंचा त्याग केला, त्या गेल्या कुठे? गिटार, व्यायामाची वजनं, कॉलेजची पुस्तकं, तंबू, पडद्यावर सिनेमे दाखवायचं यंत्र, कधीकाळी हौसेने आणलेलं कॉफीचं मशीन... सगळं ताईच्या मागच्या खोलीत. "तात्पुरतं ठेव," असं तो म्हणाला होता. "त्याने संसार सोडला आणि आपण उचलला," असं भाऊजी जेवताना म्हणायचे. "माझ्या बुटांना घरात जागा नाही आणि त्याची गिटार खाटेवर झोपते." ताई हसून टाळायची. धाकटा भाऊ ना! आई गेल्यापासून त्याचं सगळं हिनेच केलं, आणि त्याची त्याला इतकी सवय झाली की केलेलं दिसेनासंच झालं.

ताई कपडे शिवते, पण साधे नाहीत. ज्यांच्या अंगाला दुकानातला कपडा बसत नाही, त्यांचे. एकाचा खांदा उतरलेला, एकाचा हात कोपरापासून नाही, कुणी सदा चाकांच्या खुर्चीत, कुणाच्या पाठीला बाक. अशा माणसांना कपडा नुसता मापाने बसत नाही. एकदा शिवायचा, घालून बघायचा, उसवायचा, पुन्हा शिवायचा. असं करत करत एखाद्या अंगाचं गणित सुटलं की ताई ते जाड तपकिरी कागदावर कापून ठेवायची. तो त्या माणसाचा साचा. पुढच्या वेळी माणसाला यायची गरज नाही. कागद कापडावर ठेवायचा आणि कात्री चालवायची. मागच्या खोलीच्या दारामागे खुंट्यांवर असे साचे लटकत होते. वर्षानुवर्षांचं काम होतं ते, आणि दिसायला अगदी टाकाऊ, गुंडाळलेल्या रद्दीसारखं.

तर एकदा गावातल्या मोठ्या दवाखान्याच्या मेट्रनबाईंनी ताईला निरोप धाडला. अपघातातून उठलेले, ऑपरेशन झालेले असे पुष्कळ रोगी त्यांच्याकडे असतात. त्या सगळ्यांचे कपडे ताईने शिवावेत, पण माप द्यायला आडोशाची, मोकळी, नीट खोली हवी. सोमवारी येऊन बघते, म्हणाल्या. ताईचे पाय जमिनीवर ठरेनात. इतकी वर्षं जेवणाच्या टेबलावर कापडं पसरून काम केलं, आता कुठे कुणीतरी तिच्या कामाला काम म्हणत होतं.

ती खाली जाऊन बुवाला म्हणाली, "अरे, मागची खोली लागणार आहे मला. तुझं तेवढं सामान रविवारी हलव. मी दुपारी कापड आणायला जाईन. भाऊजी ड्यूटीवर आहेत. किल्ली तुझ्याकडे ठेव."

"ताई," बुवा उजळून म्हणाला, "तू काही काळजी करू नकोस. खोली मोकळी करणं हे माझं क्षेत्र आहे."

"फक्त तुझं सामान, हं."

पण बुवाच्या कानात शेवटचं वाक्य शिरलंच नाही. क्षेत्र म्हटल्यावर कसं शिरणार?

रविवारी तो बाह्या सरसावून वर गेला. त्याची एक पद्धत होती, ऑफिसातल्या सगळ्यांना त्याने ती शिकवली होती. वस्तू हातात घ्यायची, डोळे मिटायचे आणि स्वतःला विचारायचं, ही गेली तर मला दुःख होईल का? झालं तर ठेवायची, नाही तर निरोप द्यायचा. त्याने गिटार हातात घेतली. डोळे मिटले. एक तार छेडली, जुनं गाणं गुणगुणला. गिटार राहिली. तंबू घेतला, त्याला डोंगरावरची पहाट आठवली. तंबू राहिला. कॉफीच्या मशीनला तर त्याने चक्क मिठी मारली. मग दारामागचं ते तपकिरी भेंडोळं काढलं. डोळे मिटले. काही म्हणजे काही वाटलं नाही. दुसरं काढलं. तेच. कसं वाटणार, कपाळ! दुःख व्हायचं ते ताईला, आणि विचारत होता हा स्वतःला.

खालून रद्दीवाल्याची गाडी चाललीच होती. बुवाने हाक मारून तिला थांबवलं आणि अख्खा ढीग आनंदाने तिच्यावर घातला. परत येऊन आपलं सामान भिंतीशी सुबक रचलं, खोली झाडली आणि फोनवर फोटो काढला. मन कसं हलकं झालं त्याचं.

ताई आली. दारातून तिला आधी मोकळी जमीन दिसली आणि ती खुश झाली. मग तिने दार लावून घेतलं. खुंट्या रिकाम्या होत्या.

"साचे कुठेत रे?"

"कसले साचे?"

"कागद. तपकिरी."

"ती रद्दी? दिली की." ताईचा चेहरा बघून तो थोडा चाचरला, पण शहाणपण तोंडाशीच उभं असतं, ते बाहेर पडलंच. "ताई, जाऊ दे ना. इतकं धरून बसायचं नसतं."

ताई खाली बसली. तिने एकदा गिटारीकडे बघितलं, एकदा कॉफीच्या मशीनकडे. त्या क्षणी बुवाच्या कानशिलात कुणीतरी ठेवून द्यायला हवी होती. भाऊजी असते तर दिलीही असती. ते ड्यूटीवरून आले, ऐकलं आणि गणवेशातच रद्दीच्या गुदामाकडे धावले. तोवर तिथल्या यंत्राने सगळ्या कागदाचे दाबून ठोकळे केले होते. ओळखीचा एक तुकडासुद्धा हाती लागला नाही.

सोमवारी मेट्रनबाई आल्या. जिना चढता चढता त्यांना दम लागला. मागची खोली त्यांनी बघितली, भिंतीशी रचलेला तंबू आणि वजनं बघितली, आणि म्हणाल्या, "काम तुमचं उत्तम आहे, मला माहीत आहे. पण माझे रोगी कुबड्या घेऊन हे जिने कसे चढणार? आणि ही जागा...?" पुढचं ताईला कळलं. हातात आलेलं काम निसटत होतं.

ताई उभी राहिली. "चला बाई, खाली दाखवते."

बुवा त्या दिवशी घरूनच काम करत होता. गादीवर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप. दार उघडून आत ताई, मागे मेट्रनबाई आणि दारात हाताची घडी घालून भाऊजी. मेट्रनबाईंनी रुंद दार बघितलं, "चाकांची खुर्ची सरळ आत येईल." उजेड बघितला, फरशीवर चपलेचं टोक फिरवलं. "अहो, हीच दाखवायची ना आधी! कुणाची खोली ही?"

"त्यालाच विचारा," ताई म्हणाली.

बुवाने तोंड उघडलं. 'माझी' हा शब्द जिभेच्या टोकावर आला होता, पण गेली दोन वर्षं त्याने येईल त्याला उलटंच सांगितलं होतं आणि भाऊजी तर दारातच उभे होते, ओठ मुडपून वाट बघत.

"तशी... कुणाची असं नाही," बुवा म्हणाला.

"छान! पडदा तेवढा लावून घ्या," मेट्रनबाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी शिलाई मशीन खाली आलं आणि गादी वर गेली. बुवा आता मागच्या खोलीत राहतो. एका बाजूला तंबू, उशाशी वजनं, आणि कूस बदलली की कोपर गिटारीला लागतं. ऑफिसातल्या मंडळींना त्याने अजून बोलावलेलं नाही.

पण साचे तर पुन्हा करायचेच होते. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून मापाला येऊ लागली. जी येऊ शकत नव्हती त्यांच्याकडे ताई जायची आणि बुवाला बरोबर न्यायची, बॅग उचलायला. अशातच ती दोघं एका म्हाताऱ्या शिक्षिकाबाईंकडे गेली. पाठीला मोठा बाक, आणि आता त्या अंथरुणावरच होत्या. त्यांचा बाक समजून घ्यायला ताईला फार दिवस लागले होते, आणि एकदा साचा झाल्यावर तिने त्यांना पुन्हा कधी हलवलं नव्हतं. आता हलवावंच लागलं. "तू धर," ताई म्हणाली. बुवाने त्यांच्या खांद्याखाली हात घातला आणि त्यांना कुशीवर वळवलं. बाई कळवळल्या. "आई गं... हळू रे बाळा." ताईने टेप लावला. मग दुसऱ्या कुशीवर. बाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं होतं आणि डोळ्यांच्या कडांनी पाणी उशीवर ओघळत होतं. "मागे घेतलं होतंस ना गं माप?" त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, "हरवलं बाई. माफ करा." बुवाचं नाव तिने घेतलं नाही.

परत येताना बॅग बुवाच्या खांद्यावर होती. जिन्यापाशी आल्यावर त्याने खाली मान घालून विचारलं, "ताई, खोली मला परत कधी देशील?"

ताईने कुलूप काढलं, दिवा लावला आणि कोरा तपकिरी कागद फरशीवर उलगडला.

"त्या बाईंना पुन्हा पुन्हा वळवायला नको, असा त्यांचा जुना साचा घेऊन ये," ती म्हणाली. "त्या दिवशी देते."