दुसऱ्यांदा विचारा, साहेब

दिंडोरीजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये उज्वलाला सगळे धीट समजत. वजनात कुणी हयगय केली तर ती भल्याभल्यांना फैलावर घेई. आज मात्र परदेशी साहेबांच्या केबिनचं दार ठोठावायला ती धजत नव्हती. हंगाम संपला की बाकीच्या बायांसारखं तिलाही घरी बसावं लागे. आज साहेब एकीला बारमाही सुपरवायझर नेमणार होते, आणि बोलणार होते इंग्रजीत!

इंग्रजी अगदीच येत नव्हतं असं नाही. चुलीपुढे बसून मोबाइलवरचे धडे ऐकत तिने वाक्यं घोकली होती. भाकरी करपे, पण ‘नाइस टु मीट यू’ पक्कं होई.

“उज्वला, वुड यू लाइक टु बी अवर सुपरवायझर?” तिला आत बोलावून साहेबांनी विचारलं.

शब्द न् शब्द कळला. काळीज सुपाएवढं झालं. पण लगेच हो म्हणायचं? हावरटासारखं? तिच्या गावात चहासुद्धा कुणी पहिल्या विचारण्याला घेत नाही. आपण नको म्हणायचं, समोरच्याने आग्रह करायचा, मग घ्यायचं.

“नो नो सर, थँक यू,” ती लाजून म्हणाली आणि आग्रहाची वाट बघत उभी राहिली.

“फेअर इनफ,” म्हणत साहेब लॅपटॉपकडे वळले.

फेअर म्हणजे गोरं, इनफ म्हणजे पुरे. जोडून काय, देव जाणे. बाहेर येऊन तिने ऑफिसातल्या हर्षालीला गाठलं.

“हर्षाली, फेअर इनफ म्हंजे काय गं?”

“म्हणजे ठीक आहे, तुमचं म्हणणं मान्य. विषय संपला. का गं ताई?”

उज्वलाने कपाळावर हात मारून घेतला. आपल्या हाताने आपण घास परत केला होता, आणि वाढणारा पुढे निघून गेला होता.

“आता पुढचा नंबर भागीबाईंचा, त्यांना आत पाठवायचंय,” हर्षाली म्हणाली.

“थांब!” उज्वला दार न ठोठावताच आत घुसली. घोकलेलं एकही वाक्य या वेळेला चालणारं नव्हतं.

“सर, आस्क अगेन! माय व्हिलेज... फर्स्ट टाइम नो. मनात येस. सेकंड टाइम आस्क, देन येस!”

साहेबांनी लॅपटॉपवरून मान वर केली. आता हाकलतात, हंगामाचं कामही जातं, या भीतीने तिने पदर मुठीत घट्ट धरला.

मग साहेबांनी लॅपटॉप मिटला. तेच वाक्य, सावकाश, पुन्हा विचारलं.

“येस!” ती इतक्या जोरात ओरडली की बाहेर हर्षाली दचकली.

साहेब मोठ्याने हसले. थर्मासमधला चहा कपात ओतून त्यांनी तिच्यापुढे केला. “टी?”

“नो नो सर,” उज्वलाच्या तोंडून निघूनच गेलं, आणि तिने जीभ चावली.

साहेबांनी कप मागे घेतला नाही.

“टी, उज्वला?”

तिने दोन्ही हातांनी कप घेतला.