एरंडेलाच्या वासाचा मिस्त्री

२०१९ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. परदेशात मुलाकडे राहायला आलेलो. इथल्या वेरिबी उपनगरातल्या चर्चमध्ये पुढच्या बाकावरून एरंडेलाचा वास आला. लहानपणी आई पोट साफ व्हायला चमच्याने पाजायची, तोच. मी पुटपुटलो, "एरंडेल पिऊन कोण आलंय?" पुढचा म्हातारा वळला. "प्यायलो नाही, अंगावर उडालंय. वसईचे का तुम्ही?"

तो मिस्त्री. फार वर्षांपूर्वी इथे आलेला फिटर. बायको वारलेली, मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्रेगीबर्नला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो एकटा विमान बांधत होता. पहिल्या महायुद्धातलं जर्मन लढाऊ विमान, जुन्या नकाशावरून हुबेहूब. लाकडाच्या फासळ्या, लोखंडी नळ्या, वरून कापड. फ्लाइंग क्लबवाले ते उडवणार होते. मिस्त्रीला फक्त खाली उभं राहून बघायचं होतं.

त्या विमानासारखं इंजिन मी जन्मात पाहिलं नव्हतं. पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरायचं आणि एरंडेल उडवायचं. दुसरं तेल त्यात पेट्रोलने धुऊन जातं म्हणे. मिस्त्री तोंड पुसत ओरडायचा, "ह्याला हळू चालता येत नाही! चालू, नाहीतर बंद. बायको म्हणायची, तुझ्यासारखंच."

मी चौथीत शाळा सोडली. वसईला होड्यांची शिडं शिवण्यात हयात गेली. इथे मुलगा-सून शिफ्टला, नातवंडं मराठीत विचारलं तरी इंग्रजीत बोलणार. घरात मी आणि फ्रिजची घरघर. म्हणून पंखाचं कापड फासळ्यांना शिवायला त्याने बोलावलं, तेव्हा आढेवेढे न घेता गेलो. दाभण तेच, मेण लावलेला दोरा तोच. मिस्त्री मात्र हाक मारायचा, "ये रे शिंप्या." मी दर वेळी सांगायचो, शिंपी नाही, शिडं शिवणारा. तो दर वेळी म्हणायचा, "तेच ते."

एके दुपारी त्याने माझ्या टाक्यांना स्टीलची पट्टी लावली. मी चार बोटं अंतर धरलं होतं, नेहमीसारखं. नकाशात त्याहून कमी होतं.

"माझं एक शीड वाऱ्यात फाटलं नाही कधी," मी म्हटलं.

"शीड फाटलं तर होडी तरंगत राहते. हे फाटलं तर आतला माणूस मेला." आणि त्याने कात्रीने माझे टाके कापले. दोन दिवसांचं काम. वर विचारलं, "चहा घेणार?"

मी दाभण ठेवलं आणि बसस्टॉपवर गेलो.

त्यानंतर चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसू लागलो. वास तिथपर्यंत यायचा. तो वळला नाही, मी पुढे गेलो नाही. चार महिने. चूक कुणाची हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मग एका रविवारी वास आला नाही. पुढच्याही रविवारी नाही. तरी मी कुणाला विचारलं नाही.

तिसऱ्या रविवारी त्याची मुलगी आली. "अंकल, पप्पा गेले. फ्युनरल आमच्याकडे झालं, तुमचा नंबर कुठेच सापडला नाही."

ती मला शेडमध्ये घेऊन गेली. उजवा पंख मिस्त्रीने स्वतःच शिवला होता. टाके वाकडे, दोरा कुठे सैल कुठे ताठ, अंतर मात्र सगळीकडे सारखं. डाव्या पंखावर कापड नुसतं ताणलेलं. माझं दाभण मी ठेवलं होतं तिथेच.

"क्लबवाले न्यायला येणारेत. मी पप्पांना म्हटलेलं, कुणाकडून तरी पूर्ण करून घ्या. तर म्हणाले, नो वे, शिडवाला येईल."

"काय म्हणाले?"

"शिडवाला. घरी नेहमी तेच म्हणायचे. तुम्हीच ना?"

मी मान डोलावली. तिने किल्ली माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने गेलो. शेड उघडली. खिळ्यावरची स्टीलची पट्टी काढली, पेन्सिल घेतली, आणि डाव्या पंखाच्या प्रत्येक फासळीवर नकाशातल्या अंतराने खुणा केल्या. मग दोऱ्याला मेण लावलं.