कपाटात ठेवलेल्या सुया

या इस्पितळाच्या खरेदी अधिकाऱ्याने मला फसवले. टोचून झाल्यावर टोक आपोआप आत जाते अशा सुया मी बनवतो. "आमच्या सिस्टरांची बोटं वाचतील," असे तो म्हणाला आणि जन्मात पहिल्यांदा मी घासाघीस न करता भाव कमी केला.

आता इथेच मी आजारी पडून आहे. भेटायच्या वेळी शेजारच्या खाटांभोवती माणसे जमतात. माझ्याकडे रक्त काढायला सिस्टर येते, तेवढीच. आज तिने साधी सुई वापरली. तिच्या बोटाला पट्टी होती.

"माझ्या सुया कुठे गेल्या?" मी ओरडलो.

"हळू, काका! कपाटात आहेत. तपासणीला साहेब आले की आम्ही काढतो. पाहुण्यांच्या कपबश्या असतात ना, तशा."

"आणि हे बोट?"

"काल पेशंटची सुई टोचली. रिपोर्ट यायचाय." ती हसली नाही.

माझ्याही घरी पाहुण्यांच्या कपबश्या आहेत. कुणी येत नाही, त्या कोऱ्याच राहिल्या. त्याने कुणाचे काही बिघडले नाही.

पण त्या खरेदी अधिकाऱ्याने कपाटाची किल्ली घेऊन इथे यावे आणि या पोरीला तोंडावर सांगावे, तिच्या बोटापेक्षा मोठा असा कोणता पाहुणा येणार होता?