कुपवाडच्या मशीनचा भाव

"साठ आन् वीस ऐंशी हुत्यात. तुमच्या कागदावर अठ्ठ्याण्णव कसं, मॅडम?" मालकांनी विचारलं.

मी साताऱ्याच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. आमच्या कंपनीने कुपवाडची एक छोटी कंपनी विकत घेतली होती. वर्षअखेरीला दोन्ही कंपन्यांचा एकत्र हिशेब, म्हणजे कन्सॉलिडेशन, माझ्याकडे होतं. आमची मशिनरी साठ लाखांची, त्यांची वीसची.

मी समजावलं. मशीन झिजतं, म्हणून पुस्तकात दरवर्षी त्याची किंमत कमी करत जायची, तो घसारा. त्यामुळे कुपवाडच्या पुस्तकात वीसच उरले होते. पण दुसऱ्याची कंपनी घेताना पुस्तकातला आकडा चालत नाही, त्या दिवशीचा बाजारभाव धरायचा. किंमत ठरवणाऱ्या तज्ज्ञाने, म्हणजे व्हॅल्युअरने, तो वीस लाखांनी जास्त काढला, म्हणजे सगळे मिळून शंभर. या वाढीव रकमेवर वर्षाचा घसारा दोन लाख. तो वजा केला की अठ्ठ्याण्णव.

"मग आपल्या मशीनची किंमत का न्हाई वाढली? मोठी लेथ तर दोन्हीकडं सारखीच हाय."

"आपलं आपण कुठं विकत घेतलंय, साहेब? घरचं जुन्याच किमतीला राहतं."

बोलून गेले आणि माझंच तोंड कडू झालं. कारण महावीर मगदूम. कुपवाडचा अकाउंटंट, कंपनीबरोबरच आमच्याकडे आलेला. सांगलीच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. माझ्या नोट्सवर तो पास झाला. आता कंपनी घेताना त्याचा पगार बाजारभावाने नव्याने ठरला, माझ्या दीडपट. पेरोल मीच काढते, त्यामुळे दर महिन्याला माझी जळजळ व्हायची. वर माणूस स्वभावाने चांगला. साताऱ्याला येताना भडंग आणायचा, त्याचाही मला राग यायचा. खायचे मात्र.

त्याच बैठकीत मी मालकांना पगाराचं सरळ विचारलं.

"आवं, तुमी तर घरच्याच की," ते म्हणाले.

त्या महिन्यात मी माधवनगरच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू दिला. त्यांचं ऑफर लेटर मालकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसला. मग महावीरएवढा पगार देतो, जाऊ नका म्हणाले.

मी महावीरपेक्षा पाचशे रुपये जास्त मागितले. त्या पाचशेंवाचून माझं काही अडलं नव्हतं. पण त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी खुर्चीवरून उठले नाही.

नोकरीत शिकले ते एवढंच. आपली किंमत काढायला बाहेरचं गिऱ्हाईक आणावं लागतं, आणि तेही आपणच.