सव्वा मूठ आणि घुबड मंडळ

विनोदी कथांमधल्या गुप्त मंडळांवर मी खूप हसले आहे, पण त्यांना माफ कधी केलं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात अशा कथांचं एक जाडजूड पुस्तक होतं. पोट सुटलेले प्रतिष्ठित गृहस्थ बंद खोलीत जमायचे, पिसांच्या टोप्या घालायचे, एकमेकांना महास्वामी म्हणायचे आणि परवलीचा शब्द विसरून स्वतःच दाराबाहेर अडकायचे. लेखक त्यांची यथेच्छ टिंगल करायचा आणि शेवटी त्यांनाच पोटाशी धरायचा. टोप्या उतरल्या की सगळे भले निघायचे. मला चीड यायची ती तिथं. दाराबाहेर ज्यांना मुद्दाम ठेवलंय त्यांचं काय? बाई त्या कथांत यायची ती चहाचा ट्रे ठेवण्यापुरती.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कोरीटहून नंदुरबारला एसटीनं जाऊन-येऊन बी.ए. केलं. शेवटच्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी मी एकांकिका लिहिली, तिचं नाव 'घुबड मंडळ'. त्यात एक महाघुबड, दोन उपघुबडं आणि एक खजिनदार घुबड होतं. भुवया तीनदा उडवल्याशिवाय कोणाला आत प्रवेश नाही. सगळं जमलं होतं, फक्त सभासद करून घ्यायचा विधी सुचत नव्हता. पुस्तकातले विधी परदेशी वाटत होते. मग घरचाच घेतला.

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी गहू मोजतात तो घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. मूठ माझ्या चुलत्याची, कारण घरात तो थोरला. पाळण्यातला मुलगा धरतात, सुरतेला नोकरीला गेलेले धरतात, बायका-पोरी धरत नाहीत. त्या पिठाचे जाड रोट फक्त भावबंदकीनं, म्हणजे एका कुळातल्यांनीच, खायचे. बाहेरच्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही आणि पुनवेच्या आत सगळं संपवायचं. उरलं तर जमिनीत पुरायचं, पण पुरायची वेळ येणं ही भावबंदकीची नाचक्की.

माझ्या एकांकिकेत महाघुबड नव्या सभासदाला सव्वा मूठ पीठ मोजून देतो. तेवढ्यात झाडूवाली आत येते आणि पदर पसरून म्हणते, "माझी मूठ?" घुबडांची धावपळ उडते. नियमांची वही शोधतात, उघडतात, तर ती कोरी. पडदा पडतो. शेवटी गळाभेट नाही. मुद्दामच ठेवली नाही.

प्रयोग झाला हिवाळ्यात. कोणीतरी मोबाइलवर काढला आणि तो आमच्या भावबंदकीच्या ग्रुपवर आला. राग चुलत्यानं बियाण्यासारखा जपून ठेवला आणि श्रावणात काढला. गहू मोजायच्या आदल्या दिवशी, सगळ्यांसमोर.

"पुढारीसनी टिंगल कर, मास्तरसनी कर, माले काय नई. पन मूठ कसाले काढी?"

"काका, नाटक शे ते."

"नाटक शे, ते घरनी गोट गावले कसाले सांगस? ग्रुपवर माफी टाक. नई ते यंदा रोटले हात लावू नको."

"माफी कसानी? मी खोटं काय लिखं?"

वडील हळूच म्हणाले, "टाकी दे ना बेटा. दोनच शब्द शेतस."

"मंग तुम्हीच टाका, दादा."

मी माफी टाकली नाही. लोकांना वाटेल रोटाचं काय एवढं. मला तो लहानपणापासून आवडतो. तुपाचा वास, सोबत खीर आणि गंगाफळाची भाजी. वर्षातून एकदाच मिळतो, आणि त्या पंगतीत बसणं म्हणजे मी या घरची आहे याची एकमेव पावती. लग्न झाल्यावर ती आमच्यात मुलीकडून काढूनच घेतात. माझी ती लग्नाच्या चार वर्षं आधीच गेली. पंगत बसली तेव्हा मी ओट्यावर बसून चहात पाव बुडवून खाल्ला. आई बाहेर आली, म्हणाली, "शिकनी तू. पन भूक कोठे शिकनी?"

गंमत पुढं झाली, पण ती कोणा लेखकाची कृपा नव्हती. सुरतेच्या दोघांना त्या वर्षी सुटी मिळाली नाही. त्यांच्या मुठी मात्र मोजलेल्याच होत्या. मोजायचं पुरुषांच्या नावानं आणि संपवायचं बायका-पोरींनी, हे वर्षानुवर्षं चाललेलं. मी ओट्यावर. आईनं दुसऱ्या दिवशी अर्धा रोट खाल्ला आणि पोट दुखतंय म्हणाली. लगेच काकूंचंही दुखू लागलं. दोघी इतकी वर्षं कुठल्याच गोष्टीवर एक झाल्या नव्हत्या.

पूनव जवळ आली. रोट फरशीसारखे कडक झाले. चुलता खाली बसून दुधात भिजवून चावायचा, डावीकडच्या दाढा नसल्यामुळे उजवीकडून. पुनवेच्या सकाळी तो ओट्यावर आला.

"ये वं, खाई ले. माफी राहू दे."

"मी बाहेरनी शे, काका. बाहेरनाले रोट देता येत नई."

"तू आपला घरनी पोर शे!"

"मूठ मोजताना नव्हती."

"भलती शिकनी!" म्हणाला, आणि आत गेला.

रोट खावासा वाटत होता, खोटं कशाला सांगू. उठावंसं वाटलं. उठले नाही.

दुपारी गोठ्यामागं कुदळीचा आवाज आला म्हणून मी खिडकीतून पाहिलं. चुलता एकटाच खड्डा खणत होता. मधूनच थांबून भावबंदकीतलं कोणी बघत नाही ना, हे पाहत होता. उरलेले रोट त्यानं एकेक करून आत ठेवले, माती लोटली, पायानं दाबली. घाम आला म्हणून टोपी काढून खुंटीला अडकवली होती.

टोपी उतरली होती. माणूस तोच होता.